पाळण्यातली राजमाता

आमच्या गल्लीत दर जानेवारीत एका चांगल्या पोक्त बाईला पाळण्यात घालतात. हसू नका, पद्धत जुनी आहे.

ते चित्र तुम्हीही पाहिलेलं असणार. डोक्यावरून पदर, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी, नजर सरळ समोर, आणि पुढ्यात उभ्या असलेल्या बाळराजांच्या खांद्यावर ठेवलेला हात. शाळेत, ग्रामपंचायतीत, लग्नपत्रिकेवर, जीपच्या मागच्या काचेवर, जिथे बघाल तिथे राजमाता अशीच. साऱ्या महाराष्ट्राची ती आई, आमची मात्र लेक. सिंदखेडराजा तिचं माहेर, आणि आमचं साखरखेर्डा त्याच तालुक्यातलं, म्हणजे आम्ही स्वतःला तिच्या माहेरचेच समजतो. गल्लीत तिला कुणी अहोजाहो करत नाही. लेकीला कोण अहो म्हणतं?

जयंतीला सगळं जग सिंदखेडला लोटतं. आम्ही बायका मात्र दुपारी गल्लीतच आमचा वेगळा कार्यक्रम करतो. पाळणा बांधायचा, झेंडूच्या माळा सोडायच्या, आणि तिचा जन्म करायचा. आता जन्म करायचा तर बाळ पाहिजे. तिचं लहानपणीचं चित्र काही आमच्या गल्लीपर्यंत पोचलं नाही, म्हणून जे आहे तेच, पदर, चिरी आणि बाळराजांसकट, पाळण्यात. आई आणि तिचा मुलगा दोघंही एकाच वेळी जन्माला येतात आणि आम्ही दोरी ओढत पाळणा गातो. नव्या सुना पहिल्या वर्षी पदर तोंडाला लावून हसतात. मीही हसले होते. पुढच्या वर्षी मी सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत गात होते.

या चित्राचे दोन नियम आहेत. एक, ते एकेका घरी एक वर्ष राहतं. जिच्या घरी असेल तिने त्याला जपायचं, रोज कुंकू लावायचं, आणि जयंतीच्या आधी अंघोळ घालायची. दुसरा नियम असा, की चित्र पाळण्यात घालण्याचा मान गावच्या सासरी गेलेल्या लेकीचा, सुनेचा नाही. त्या दिवसांत जी कुणी माहेरी आली असेल तिला बोलवायचं. कुणी आलेलं नसेल तर जवळपासच्या गावात फोन करायचा, आणि एखादी लेक एका दिवसासाठी येऊन जाते. लेकीनंच लेकीला पाळण्यात घालायचं, असं आमच्या थोरल्या काकू सांगतात. या माझ्या चुलत सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, आणि गल्लीतला शेवटचा शब्द त्यांचा.

जयंतीला भाषण मात्र माझं असतं. मी अंगणवाडी चालवते. कुणाच्या घरी मुलगी झाली की पेढे वाटा म्हणून मागे लागणारी बाई ती मीच. चित्रासमोर उभं राहून दरवर्षी सांगते, या मातीतल्या एका लेकीने काय घडवलं बघा, लेकीला परकं धन म्हणू नका, तिच्यासाठी घराचं दार कायम उघडं ठेवा. चांगलं बोलते मी. बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं.

मागच्या वर्षी चित्र आमच्या घरी होतं. आणि त्याच वर्षी दिवाळीत माझी लेक परत आली.

तिला तिकडे संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी दिली होती. दिवाळीला आली ती एकटीच, एक बॅग घेऊन. चहा ठेवला, तर म्हणाली, "आई, मी आता वापस नाही जात." का ते मी विचारलं नाही, कारण तिने बाही वर केली होती. नवरा हात उचलतो हे मला आधीच्या एका फोनवरून कळलेलं होतं. तेव्हा मी तिला काय सांगितलं होतं तेही सांगते: सगळ्यांच्या घरी होतं, जरा सांभाळून घे. अंगणवाडीच्या ताई असं बोलतात.

दिवाळीचे दिवस निभावून गेले. दिवाळीला लेक माहेरी असते, त्यात कुणाला काय वाटायचं? पण तुळशीचं लग्न झालं, तुरीला शेंगा भरल्या, तरी लेक घरातच. मग माझ्या थापा सुरू झाल्या. जावई बाहेरगावी कामाला गेलेत. तिकडे घराचं काम काढलंय. तिला जरा अशक्तपणा आहे. एकीला एक सांगितलं की दुसरीला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागायचं. हळूहळू मी सोपा मार्ग धरला. कुणी दारात आलं की लेकीने मागच्या खोलीत जायचं आणि मी मधलं दार ओढून घ्यायचं. कधी कुणी थेट स्वयंपाकघरातच शिरेल, या भीतीने मी तिला मंगळसूत्र काढू देत नव्हते. घरात राहू दे, पण बायका येणार असल्या की गळ्यात घाल. ती निमूटपणे घालायची.

घरचे, म्हणजे माझे मालक, भाजीपाला काढतात, वांगी-टोमॅटो. आठवडी बाजारातून येऊन पाय धुताना ते एकदा म्हणाले, "काऊन लपवते तिले? लेक हाय ते आपली, चोरीचा माल नाही."

"तुमाले काय होते बोलाले," मी म्हटलं. "बाया मले इचारतात, तुमाले नाही."

माझं तोंड असं फाटकं. ते पाय पुसून आत गेले आणि मी जिंकल्यासारखी भाकरी थापत राहिले. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि ती जावयाची नाही, त्याच्या हाताची नाही; लेकीची लाज वाटत होती. ती वाईट वागली असं मला एकदाही वाटलं नाही. तरी तिचीच वाटत होती.

जयंती आठवड्यावर आली. घर सारवून-पुसून झालं, तेव्हा मी चित्राला अंघोळ घालायला घेतली. चित्र म्हणजे जुना छापील कागद, काचेच्या चौकटीत बसवलेला. काचेवर कपाळाच्या जागी इतक्या वर्षांच्या कुंकवाचा थर. अंघोळ म्हणजे परातीत आडवं ठेवून वरून तांब्याने पाणी सोडायचं, हळद लावायची, पुसायचं. काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेलेला मला दिसत होता. त्यावर मी चिकटपट्टीही लावली होती. पण अंघोळ घातल्याशिवाय तिला पाळण्यात कसं घालणार? ओल्या फडक्याने पुसून भागलं असतं, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, आपल्या घरी असताना लेकीच्या अंघोळीत काटकसर नको. दोन तांबे जास्तच घातले.

पाणी आत शिरलं. कागद ओला होऊन काचेला चिकटला. घाबरून मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला आणि कागद हळूच सोडवायला गेले. कागद सुटला, पण राजमातेचा चेहरा काचेलाच राहिला. कपाळ, डोळे, एक गाल, सगळं काचेवर. कागदावर पदर होता, हात होता, बाळराजे जसेच्या तसे होते, आणि पदराच्या आत पांढरा डाग.

माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. लेक मागून आली, बघितलं, आणि कागद उचलून सावलीत वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी मी चिखलीला गेले. इथल्या फोटोफ्रेमवाल्याकडे गेले असते तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं. चिखलीतल्या दुकानदाराने कागद बघून मान हलवली. "ताई, हे होत नाही आता. नवीन काढून देतो ना, पाहिजे त्या साइजमधी." त्याने काँप्युटरवर नवा फोटो दाखवलाही. चकचकीत, गाल गुलाबी, एखाद्या नटीला पदर दिल्यासारखा. चित्र तेच, पण ही बाई आमच्या कुणाच्याच घरी कधी राहिली नव्हती. शिवाय बायकांनी पाच मिनिटांत ओळखलं असतं. मी नवी काच कापून घेतली, आणि शेजारच्या दुकानातून रंगाची पेटी आणि बारीक ब्रश घेतले. रंग घेताना डोक्यात लेकच होती. शाळेत असताना ती रांगोळीत चेहरे काढायची, आणि हुबेहूब काढायची. गावातल्या कार्यक्रमात तिच्या रांगोळीभोवती दोरी बांधावी लागायची, इतकी माणसं जमत.

तिला पेटी दिली तर म्हणाली, "मले जमंल का आता? हात थरथरते माहा."

"मंग राह्यलं," मी चिडून म्हटलं. "सांगतो बायांले, माह्या हातून तोंड गेलं म्हून."

तिने पेटी घेतली. मागच्या खोलीतल्या खिडकीशी बसून ती दुपारच्या उजेडात काम करायची. मोबाईलवर मूळ चित्र मोठं करून समोर टेकवलेलं. मी अंगणवाडीतून आले की डोकावून बघायची. आधी नुसता मातकट रंग, मग गाल, मग ओठांची रेघ. डोळ्यांना तिने सगळ्यात जास्त वेळ घेतला. त्या दिवसांत ती जरा जेवायलाही लागली, आणि एकदा गुणगुणतानाही ऐकलं. मी मधलं दार ओढलेलं होतंच, म्हणून आवाज बाहेर गेला नाही याचं मला समाधान वाटलं. असं समाधान वाटणारी आई मी.

चित्र पुरं झालं तेव्हा मी बराच वेळ बघत बसले. सगळं जागेवर होतं, तरी काहीतरी वेगळं होतं. राजमाता लहान दिसत होती. चिरी तीच, पदर तोच, पण पदराच्या आतून पंचवीस-सव्वीसची पोर बघत होती, नुकतीच कुठून तरी आलेली.

"मोबाईलमदल्यासारखेच काढले डोये," लेक म्हणाली. "पन असेच आले. पुसू का?"

मी नको म्हटलं. जुनी काच, चेहऱ्यासकट, खणात गुंडाळून देव्हाऱ्यामागे ठेवली. ती फेकायची कुठे आणि कशी, हे मला अजून माहीत नाही.

जयंतीच्या दुपारी बायका जमल्या. आमच्याच ओसरीवर पाळणा बांधला, घुगऱ्यांचं पातेलं उतरवलं, रांगोळी घातली. रांगोळी मीच घातली आणि ती वाकडी आली. लेक आत होती, मधलं दार ओढलेलं होतं. मी चित्र बाहेर आणलं तशा सगळ्या पुढे वाकल्या.

"अवो, आवंदा कशी दिसून राह्यली ही!" एक जण म्हणाली.

"तरनी झाली ना," दुसरी.

थोरल्या काकूंनी चित्र मांडीवर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "आवंदा लेक दिसते," त्या म्हणाल्या. "इतके वर्स आपन आईले पायन्यात घालत होतो. कोनं केलं हे?"

त्या क्षणी नुसतं नाव घ्यायचं होतं. एका माणसाचं, माझ्याच पोटच्या पोरीचं. दार हाताच्या अंतरावर होतं. दारामागे ती आहे आणि ऐकते आहे, हेही मला माहीत होतं.

"चिखलीचा पेंटर हाय एक," मी म्हणाले. "काच बदलाले गेली होती, तं त्यानंच केलं."

"गुनी हाय बापा," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला ते बघणं आवडलं नाही.

मग पाळण्यात कोण घालणार, यावर बोलणं आलं. मला वाटलं, नेहमीप्रमाणे कुणीतरी आलेली असेल. पण एकही लेक पुढे होईना. एकीची परीक्षा, एकीचं बाळ आजारी, एकीची बस नाही, असं बायका सांगत होत्या.

"गावात एक बी लेक नाही का?" काकूंनी विचारलं.

कुणी घुगऱ्या ढवळत होतं, कुणी झेंडूच्या पाकळ्या तोडत होतं.

"पाहा बरं," काकू परत म्हणाल्या. "कोनाच्या घरी आली असंन तं बलावा. मी थांबतो."

"कोनी नाही आलेलं," मी म्हटलं. "काकू, चला, उशीर होऊन राह्यला."

"तुले पक्कं माईत हाय? गावात लेक नाही?"

"नाही," मी म्हणाले.

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "नाही तं नाही. मी बी कोनाची तं लेकच हाव," असं म्हणून त्यांनी स्वतःच चित्र पाळण्यात ठेवलं. ऐंशी वर्षांची लेक. बायका हसल्या, मग पाळणा गायला लागल्या. शेवटी माझं भाषण झालं. मी ते केलं. लेकीसाठी दार उघडं ठेवा, तेही म्हणाले, दाराला पाठ लावून. टाळ्या पडल्या. पण त्या वर्षी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

सगळ्या गेल्यावर मी मधलं दार उघडलं. लेक खाटेवर बसली होती, मंगळसूत्र गळ्यात, पदर नीट घेतलेला. कुणी बोलावलं तर लगेच बाहेर येता यावं, अशी तयार होऊन बसली होती. मला वाटलं, आता पेंटरवरून भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

"आई," ती म्हणाली, "तिकडं तो मले मारे तवा सासू दार लावून घे. आवाज बाहीर जाऊ नये म्हून."

माझा हात अजून दारावरच होता.

"इथं कोनी मारत नाही," ती म्हणाली. "पन दार तसंच लागते."

हे तिने रागाने म्हटलं नाही. उजेड कमी झाला तर दिवा लावू का, असं विचारावं तशा आवाजात म्हटलं. मी आयुष्यात पुष्कळदा शरमले असेन. कधी चारचौघांत भाषण विसरले, कधी पाहुण्यांसमोर भाजी करपली. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीसमोर, जमिनीकडे बघत उभं राहण्याची ती पहिली वेळ. तिच्या सासूला मी किती शिव्या घातल्या होत्या मनातल्या मनात. आणि ती बाई न् मी, दोघी एकच काम करत होतो.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी चित्र पुढच्या घरी पोचवायचं असतं. पाळी थोरल्या काकूंची होती. सकाळी मी लेकीला म्हटलं, "चाल. चित्र पोचवाचं हाय. तू धर."

तिने माझ्याकडे बघितलं. मग गळ्याकडे हात नेऊन विचारलं, "हे घालून येऊ का?"

"नको," मी म्हणाले. "तसंच चाल."

आम्ही भर सकाळी गल्लीतून निघालो. ती पुढे, दोन्ही हातांत चित्र छातीशी धरलेलं, मी मागे. दारादारांतून बायका बघत होत्या आणि मी प्रत्येकीच्या तोंडावर काय आहे ते वाचायला बघत होते. काकूंच्या अंगणात तूर पाखडणं चाललं होतं. चार-पाच जणी होत्या. मी वाट बघितली नाही, नाही तर पुन्हा थाप सुचली असती.

"काकू, ही दिवाईत आली," मी एका दमात म्हटलं. "नवरा मारत होता. आता वापस जात नाही, इथंच राह्यते. अन् चिखलीचा पेंटर-बिंटर कोनी नाही, तोंड हिनंच काढलं."

सुपं थांबली. काकूंनी हात पदराला पुसले, उठल्या, आणि लेकीच्या हातून चित्र घेण्याआधी तिच्या गालावरून दोन्ही हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मग माझ्याकडे वळल्या.

"आमाले तं दिवाईतच समजलं होतं वो बाई," त्या म्हणाल्या. "भितीले भीत लागून हाय आपली. तू सांगशीन म्हून वाट पाहून राह्यलो होतो. अन् तोंड कोनं काढलं ते बी पाह्यल्याबरोबर समजलं. हिच्या रांगोया इसरलो का आमी?"



"आवंदा कोन्याच लेकीले फोन नाही केला," काकू म्हणाल्या. "मुद्दामच नाही केला. हिच्या हातून घालाचं ठरवलं होतं सगळ्याइनं. मी तुले तीनदा इचारलं, गावात लेक नाही का म्हून. तू म्हनली, नाही."

लेक माझ्या शेजारीच उभी होती. तिच्याकडे मान वळवून बघायची माझी हिंमत झाली नाही.